न हलणारी घरं

मुमताज बागवान यांच्या दारावर नोटीस लावायला हेमलता दुधभाते गेली, तेव्हा मुमताजबी गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. शिपाई जिन्यातल्या भिंतीला खळ फासत होता. नोटीस दोन तासांपूर्वीच सगळ्यांच्या फोनवर आलेली होती. पण इंद्रावणी शहराच्या गृहसुरक्षा संहितेप्रमाणे कागद दाराला लागल्याशिवाय ती पूर्ण होत नसे, आणि कागद लागताना कनिष्ठ अभियंत्यानं हजर राहायचं असे.

“आकडा किती आला?” मुमताजबींनी मान वर न करता विचारलं.

“तीन पूर्णांक एक.”

“मूळ चार होता. म्हणजे बावीस टक्के पडला. इमारत रिकामीच करायची.” तळ्याकाठच्या बायकांना हे गणित आता पाठ झालं होतं. “मॅडम, एक विचारू? तीन वर्षांत या एका गल्लीतून नऊ इमारती गेल्या. वर टेकडीवर कुणाचं घर हलतच नाही का?”

“यंत्राला टेकडी कळत नाही आणि तळंही कळत नाही, बागवानबाई. म्हणून तर ते बसवलं.”

“यंत्राला नसेल कळत,” मुमताजबी म्हणाल्या आणि निवडलेली, न निवडलेली सगळी मेथी एकाच पिशवीत कोंबून उठल्या.

हेमलता जिना उतरली, पण ते वाक्य तिच्याबरोबर उतरलं.

यंत्राचं नाव होतं ‘नाडी’. सात वर्षांपूर्वी बाजारपेठेतली एक पाच मजली इमारत भर दुपारी खाली आली आणि एकोणीस माणसं गेली. चौकशीत निघालं, की त्या इमारतीत निरीक्षक तीनदा येऊन गेले होते आणि तिन्ही वेळा ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा मारला होता. एकानं ओळखीपोटी, एकानं नगरसेवकाच्या धाकानं, एकानं वर न चढताच. माणसाच्या हातात पेन राहिलं तर हेच होणार, असं शहरानं ठरवलं आणि २०३८ साली नाडी आली.

तिचं तंत्र तसं सोपं होतं. इंटरनेटसाठी प्रत्येक इमारतीत काचेची केबल आधीच गेलेली होती. केसाएवढ्या त्या काचेतून प्रकाशाची ठिणगी सोडली, की काचेतल्या बारीक बारीक दोषांवर आपटून तिचा थोडासा अंश परत येतो. काच जराशी ताणली गेली तरी परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे केबल हा इमारतीच्या अंगाला लावलेला कानच झाला. आणि कुठलीच इमारत अगदी स्थिर नसते. वारा, रस्त्यावरचा ट्रक, लिफ्ट, जिन्यातली पावलं यांनी ती सतत बारीक डोलत असते. प्रत्येकीचा डोलण्याचा ठेका ठरलेला: कुणी सेकंदाला चारदा, कुणी तीनदा. खांब कमजोर झाला, भिंत पाडली, वर मजला चढवला, की ठेका मंदावतो. दहा टक्के मंदावला, की सोसायटीच्या सचिवाला पूर्वसूचना. बारा टक्क्यांना सर्वांना नोटीस. वीस टक्क्यांना इमारत रिकामी. मध्ये कुठेही माणूस नाही. हेमलतासारख्यांनी फक्त कागद लावायचा.

तिला ते आवडलं होतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि त्याबद्दल तिला कायम आडमुठी ठरवलं गेलं होतं. नाडी आल्यावर सगळे तिच्यासारखेच वागू लागले, असं तिला वाटे.

त्या दुपारी कचेरीत तिनं वर्षाच्या नोटिसांची यादी उघडली. दोनशे चौदा नोटिसा. टेकडीवर एक्केचाळीस इमारती होत्या, पण तिथली नोटीस एकही नव्हती. तिनं त्यांच्या नोंदी एकेक करून उघडून पाहिल्या. टेकडीवर ती स्वतः राहत होती. तिच्या ‘अनुराधा’ सोसायटीत तिचे यजमान दिनकरराव सचिव होते. आपल्या भागात पक्की घरं आहेत, यात तिला आजवर काही वेगळं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंता पाठारे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“दुधभाते मॅडम, कालपासून तुम्ही टेकडीच्या नोंदी उघडताय.”

“हो. सहज.”

“सहज कुणी एवढ्या नोंदी उघडत नाही. तक्रार आहे का काही?”

“नाही, साहेब. तिथे एकही नोटीस नाही, म्हणून पाहत होते.”

पाठाऱ्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “टेकडीखाली कातळ आहे. तळ्याकाठी भराव. एवढंच.” आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या टेबलावरचा स्क्रीन भिंतीकडे वळवला.

ते तिनं पाहिलं. नाडी शहरात आणणारे पाठारेच. पुरवठादाराबरोबरच्या सगळ्या बैठका त्यांच्याच. राहायलाही टेकडीवरच, तिच्या घरापासून दोन वळणांवर. आपण कोणत्या नोंदी उघडतो याच्यावर ते नजर ठेवून आहेत, तर का? त्या संध्याकाळी तिनं दक्षता विभागाला पत्र लिहिलं, पाठाऱ्यांच्या नावानिशी. पुरावा नव्हता, म्हणून ते खणात ठेवून दिलं.

पुरावा शोधायला तिनं एक साधी गोष्ट केली. नोटिशीसाठी नाडी आकडा हद्दीखाली गेला का, एवढंच पाहे. तासातासाचा आलेख कुणी पाहत नसे, कारण कायद्याला तो लागत नव्हता. तिनं तो पाहायला घेतला. आधी तळ्याकाठचा. मुमताजबींच्या इमारतीची रेघ एखाद्या आजारी माणसाच्या तापासारखी खालीवर होत होती. सकाळी गच्चीवरच्या टाक्या भरल्या, की वजन वाढून ठेका जरा मंद. दुपारी सिमेंट तापलं, की फरक. पावसाळ्यात भिंती भिजल्या, की आणखी फरक. मग तिनं धडधाकट इमारती पाहिल्या. त्यांचीही रेघ हलत होती, फक्त कमी. नवी असो, जुनी असो, कातळावर असो, इमारत उन्हापावसाला उत्तर देतेच.

टेकडीवरच्या तीस इमारती तशाच हलत होत्या. अकरा हलत नव्हत्या.

अकरा रेघा आखणीच्या पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. एप्रिलच्या उन्हात सरळ, जुलैच्या पावसात सरळ, टाकी भरली काय नि रिकामी झाली काय, सरळ. असं खऱ्या घराचं होत नाही. कुणीतरी नाडीच्या कानाशी दुसराच ठेका धरून बसलं होतं.

तिनं अकराही नावं कागदावर उतरवली. पाठाऱ्यांची इमारत त्यात नव्हती. पाचवं नाव होतं ‘अनुराधा’. मूळ ठेका तीन, गेलं दीड वर्ष दोन पूर्णांक चौऱ्याण्णव.

हेमलतानं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बराच वेळ पर्सची चेन लावायचं तिला सुचलं नाही.

घरी तिनं काही विचारलं नाही. दिनकररावांनी नेहमीसारखं पोह्यांवर खोबरं घालून बशी पुढे केली. ते तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सोसायटीतल्या कुणाच्याही घरचा गिझर, मिक्सर, अडलेलं कुलूप त्यांच्याकडे येई. माणूस असा, की ज्याच्याबद्दल संशय घ्यायची सवयच कुणाला नाही.

आता तिनं ती सवय लावून घेतली. गच्चीची किल्ली पूर्वी दाराशेजारच्या खिळ्याला असे. खिळा मोकळा होता, आणि तो कधीपासून मोकळा आहे हे तिला आठवेना. दर सोमवारी दुपारी ते वर जातात, असं कामवाल्या मावशींकडून कळलं.

“गच्चीवर काय काम असतं हो?” एकदा तिनं भाजी चिरता चिरता विचारलं.

“टाकीचा व्हॉल्व्ह गळतो,” ते वर्तमानपत्रातून म्हणाले.

गच्चीच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती सोसायटीच्या नोंदवहीत कुठेच नव्हती. तिनं ती आदल्याच दिवशी चाळली होती. समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि त्याला ते कळू नये म्हणून तिनं पुढची भेंडी अगदी एकसारखी कापली.

सोमवारी तिनं अर्धा दिवस रजा टाकली. दिनकरराव ग्रंथालयात गेले होते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचे खिसे कधी तपासले नव्हते. आज तिनं सगळे सदरे, कपाटाचे तिन्ही कप्पे, दाढीचा डबा पाहिला. किल्ली जुन्या चष्म्याच्या घरात सापडली. ती हातात घेतली तेव्हा तिला ती सापडल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

लिफ्टच्या खोलीत, मोटरच्या मागे, वॉशिंग मशीनएवढी राखाडी पेटी होती. चार जाड बोल्टनी स्लॅबला आवळलेली. वर पट्टी: ‘पाणीउपसा नियंत्रक’. पण पाण्याचा एकही पाइप तिच्याकडे येत नव्हता. हेमलतानं तिच्यावर तळहात ठेवला. आत काहीतरी जड डावीउजवीकडे सरकत होतं, सेकंदाला जवळजवळ तीनदा.

तिला सगळं कळलं. ही पेटी इमारतीला अगदी हलक्या हातानं हलवत होती, एवढ्या हलक्या की घरातल्या पेल्यातलं पाणीही थरथरू नये. पण काचेच्या केबलला ते मोठ्यानं ऐकू यावं. तान्हं मूल कण्हत असावं आणि शेजारच्यानं रेडिओ लावावा, तसं. नाडीला रेडिओ ऐकू येत होता.

“हेमा.”

दिनकरराव दारात उभे होते. गच्चीचं दार उघडं दिसल्यावर ते पाच मजले चढून आले होते. त्यांना धाप लागली होती.

“व्हॉल्व्ह हाच का?” तिनं विचारलं.

ते आत आले आणि मोटरच्या चौथऱ्यावर बसले. “दीड वर्षापूर्वी मला पूर्वसूचना आली. दोन पूर्णांक सातवर आलो होतो. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना मोठा करताना भिंत काढली, ती नुसती भिंत नव्हती. मी सभा बोलावली. कुणी म्हणालं दवाखाना हलवा, कुणी म्हणालं डॉक्टरांमुळे सोय आहे, कुणी म्हणालं यंत्रच चुकलं. तीन सभा झाल्या. मग एक माणूस आला. म्हणाला, टेकडीवर बऱ्याच ठिकाणी बसवलंय, खोट्या नोटिसा टळतात.”

“खोट्या?”

“तो म्हणाला खोट्या. मी तसं धरून चाललो.”

“तुम्ही यंत्रशास्त्र शिकवलंत.”

“हो.” ते हातांकडे पाहत राहिले. “अठ्ठावीस घरं आहेत, हेमा. आगाशेकाका ऑक्सिजनवर. सोनटक्क्यांच्या मुलीची परीक्षा. आणि तू. तू रोज कुणाच्या ना कुणाच्या दारावर कागद लावून येतेस. तुझ्याच दाराला तो लागला असता तर लोक काय काय म्हणाले असते! मला वाटलं, वर्षभरात सभेला पटवून दुरुस्ती करून घेऊ.”

“खरा आकडा किती आहे आता?”

“माहीत नाही.”

“दीड वर्षात एकदाही पेटी बंद करून बघितली नाही?”

“दर सोमवारी त्यासाठीच येतो वर,” ते म्हणाले. “हात होत नाही.”

बटण पेटीच्या मागे होतं. हेमलतानं त्यांना विचारलं नाही. खट्ट आवाज झाला, आतलं वजन दोनचार हेलकावे खाऊन थांबलं. नाडी दर दहा मिनिटांनी आकडा देई आणि सलग दोन आकडे हद्दीखाली आले, तरच पुढचं पाऊल उचले. दोघं गच्चीवर टाकीच्या सावलीत उभी राहिली. खाली कुणीतरी कपडे आपटत होतं. पहिला आकडा तिच्या फोनवर आला: दोन पूर्णांक एकतीस. तेवीस टक्के.

“टाकी भरलीय, त्याचा थोडा फरक असेल,” दिनकरराव म्हणाले.

“एवढा नसतो.”

पुढच्या दहा मिनिटांत दिनकररावांनी एकदा पेटीच्या खोलीकडे पाहिलं, आणि हेमलता नकळत दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी ते पाहिलं. मग दुसरा आकडा आला, तोच. आणि त्यांच्या पायाखाली, चौथ्या मजल्यावर एक फोन वाजला. मग तिसऱ्यावर दोन. मग सगळी इमारत वाजू लागली. दारं उघडली. कुणीतरी जिन्यातून हाक मारली, “दिनकरराव! अहो दिनकरराव, हे काय आलंय?”

दिनकरराव जिन्याकडे वळले. “मी सांगतो त्यांना,” ते म्हणाले, आणि खाली उतरताना प्रत्येक दारापाशी थांबून त्यांनी खरंच सांगितलं: पेटी मी बसवली, आकडा खोटा होता, अंगावरच्या कपड्यांनिशी उतरा.

आगाशेकाकांना चौघांनी खुर्चीसकट खाली आणलं, नळकांडं पाचव्यानं. उन्हात रस्त्यावर सगळे उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या सोनटक्केबाई हेमलतापाशी आल्या. पेटी बसवणाऱ्यावर त्या रागावल्या नव्हत्या.

“तुम्ही बंद कशाला केलंत?” त्यांनी विचारलं. “चाललं होतं ना सगळं?”

रुग्णवाहिकेमागोमाग पाठाऱ्यांची गाडी आली. ते उतरले, इमारतीकडे पाहिलं, मग हेमलताकडे.

“पेटी कुणी बंद केली?”

“मी.” तिनं पर्समधला कागद काढून त्यांच्या हातात दिला. “अशा अकरा आहेत.”

त्यांनी यादी वाचली आणि खिशातून स्वतःची काढली. तीच अकरा नावं होती. “चार महिन्यांपासून शोधतोय,” ते म्हणाले. “मूळ ठेके बाहेरच्या माणसाला कुणीतरी आतून पुरवल्याशिवाय हे जमत नाही. यादीत तुमचं घर होतं, आणि तुम्ही एकाएकी टेकडीच्या नोंदी उघडायला लागलात. मला वाटलं, पुसायला आलात.” त्यांनी दोन्ही याद्या घडी करून खिशात ठेवल्या. “परवा मी दक्षता विभागाला तुमचं नाव दिलंय, मॅडम. ते आता परत घेता येणार नाही.”

“घेऊ नका,” ती म्हणाली. “माझ्या खणात तुमच्या नावाचं पत्र आहे.”

दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही. मूळ ठेके कुणी पुरवले, ते पुढे कळलं. सचिवांना पाठवलेल्या पूर्वसूचनेतच ते छापलेले असत. सचिव ते पेटीवाल्याला स्वतःच दाखवत. आतला चोर कुणी नव्हताच.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या दहा पेट्या एकाच सकाळी, पोलिसांसमोर बंद केल्या. सहा इमारतींचे आकडे हद्दीखाली उतरले. टेकडीवर पहिल्यांदाच खळीचा डबा चढला आणि हेमलता प्रत्येक दारासमोर हजर राहिली. कुणी तिला आत बसा म्हटलं नाही. ‘अनुराधा’चं प्लास्टर खरवडलं तेव्हा तळमजल्याचे दोन खांब कंबरेइतक्या उंचीवर तडकलेले निघाले. लोखंडी टेकू देऊन इमारत उभी ठेवली गेली, आणि ती उभी राहिली म्हणूनच शेजारी म्हणू लागले, “पडली का? नाही ना?” त्यांना उत्तर देता येईल असा कुठलाही आकडा तिच्याकडे नव्हता.

संक्रमण शिबिरातल्या खोल्या नोटिशीच्या तारखेनं मिळत. दुधभात्यांची खोली सातव्या ओळीत पहिल्या मजल्यावर आली. खालच्या खोलीच्या दारात मुमताजबी उभ्या होत्या. त्यांनी हेमलताच्या हातातली वळकटी पाहिली.

“नळाला पाणी दोनदाच येतं,” त्या म्हणाल्या. “सकाळी सहाला नि संध्याकाळी पाचला. बादली आधीच लावून ठेवा, नाहीतर मिळत नाही.”

जबाबासाठी दोघांना एकदमच बोलावणं आलं. आदल्या दिवशी सोसायटीतले चौघं येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं एकच होतं: पेटीवाल्यानं फसवलं, सचिवांना कल्पना नव्हती, एवढं वहिनींनी लिहिलं, की दिनकररावांवरचा खटला टळेल. संहितेत तशी सवलत होती.

दक्षता अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी कागद हेमलतापुढे सरकवला. सातवा प्रश्न होता: ‘पेटीमुळे खरा आकडा झाकला जातो याची सचिवांना कल्पना होती का?’

हेमलतानं पेन उचललं. शेजारी दिनकरराव सरळ समोर पाहत होते. त्यांनी तिला घरून निघताना, रिक्षात, इथे बाकावर बसल्यावर, एकदाही काही सांगितलं नव्हतं. मुमताजबींच्या इमारतीत, आधीच्या आठ इमारतींत, तिनं कुणाला कल्पना होती आणि कुणाला नव्हती ते कधी विचारलं नव्हतं. तिथे तिला पेन उचलावंच लागलं नव्हतं.

तिनं लिहिलं: ‘होती.’

अधिकाऱ्यांनी कागद दिनकररावांकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावून तो एक शब्द वाचला आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, “रागावलात?”

“नाही. दुसरं काही लिहिलं असतंस तर मला तुझी भीती वाटली असती.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “तू माझे सदरे तपासलेस ना त्या दिवशी? घड्या बदललेल्या होत्या.”

“हो.”

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “भाजी चिरताना.”

रिक्षा शिबिराच्या फाटकाशी थांबेपर्यंत दोघं आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

पाच वाजायला आले होते. दिनकररावांनी कोपऱ्यातली बादली घेतली. “पाणी भरून येतो,” ते म्हणाले आणि पत्र्याचा जिना उतरले.

हेमलता कणीक मळायला बसली. पावलं खाली पोहोचल्याचा आवाज आला, नळाकडे जातानाचा मात्र आला नाही. तिनं परात बाजूला सारली, कणकेचे हात तसेच घेऊन उठली आणि खिडकीशी गेली.

ते नळापाशीच होते, रांगेत चौथे. मुमताजबींशी काहीतरी बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि खिडकीतल्या तिच्यावर थांबली. त्यांनी काही विचारलं नाही. रांग पुढे सरकली, तशी त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली, आणि तिला नीट दिसतील असे जरा बाजूला उभे राहिले.